धर्मा तांडेल आणि सातची लाँच

धर्मा तांडेलाच्या हातातलं सुकाणू मी काढून घेतलं. म्हणजे हुकूम मुंबईहून आला, सही मोठ्या साहेबांची होती. पण ज्या अहवालावरून तो निघाला तो माझ्या हातचा. चार पानी, समास सोडून, वळणदार अक्षरात. नोकरीत मी ढिगानं कागद लिहिले. त्यातला हा एक अजून घशात अडकून बसला आहे.

स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांनी आमच्या मुंबईच्या लाँच कंपनीनं रेवदंड्याची एक लहान कंपनी विकत घेतली. रेवदंड्याहून खाडीनं वर रोह्यापर्यंत उतारू नेणाऱ्या तीन लाँच, एक धक्का, पत्र्याची एक शेड आणि चौदा माणसं, एवढाच तिचा पसारा. गावानं दोघींना नावं ठेवून टाकली, आम्ही 'थोरली' आणि ती 'धाकटी'. थोरलीनं मला पाठवलं. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो, बायकोमुलं दादरला होती, आणि हे काम चोख केलं तर बढती मिळणार हे मला कोणी न सांगताच कळलं होतं. जे घेतलं त्याची यादी करायची, थोरलीच्या शिस्तीत ते बसवायचं आणि कोणती माणसं कुठल्या कामावर ठेवायची ते कळवायचं, असं ते काम.

यादी करायला तीन दिवस लागले. इंजिनं, नांगर, दोर, बाकडी, कंदील, घंटा, सगळं लिहिलं. धर्मा तांडेल तीनही दिवस शेडच्या दाराशी उभा राहून बघत होता. बुटका, रुंद, गुडघ्यांत जरा बाक, कमरेला कोळ्याचा रुमाल, वय पन्नासच्या आसपास. यादीत मी त्यालाही लिहिलं: 'धर्मा, तांडेल, निरक्षर.' तिसऱ्या दिवशी मी वही मिटली तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

"सायब, ह्यात खाडी लिवली काय?"

मी हसलो. म्हटलं, "तांडेल, खाडी सरकारची. ती कोणी विकत घेत नाही."

"मंग बरा," तो म्हणाला आणि निघून गेला. तो माझी थट्टा करत होता की खरंच विचारत होता, हे मला त्या दिवशी कळलं नाही.

कुणाचाही शब्द तोंडावर मोडायचा नाही, ही त्याची पहिली सवय. नाही म्हणायचं असलं की तो म्हणायचा, "खाडीला इचारून सांगतो." थोरलीनं तांडेलांना टोप्या दिल्या. टोपी घाला म्हटल्यावर हेच उत्तर, आणि दुसऱ्या दिवशी टोपी भोंग्यावर चढवलेली. मनगटी घड्याळ मात्र त्यानं मुकाट घेतलं, रोज न चुकता चावी दिली आणि कोणी वेळ विचारली की पल्याडच्या काठावरच्या चिखलाकडे बघून सांगितली. ती चुकली असं मी एकदाही पाहिलं नाही, आणि मला त्याचा रागच यायचा.

लाँचवर तो कधी बसला नाही. उतारूंना नावानं हाक मारत नसे, बंदराच्या नावानं मारायचा. "ओ चणेरावाली, पोराला आत घ्या." आवाज आधीच खालचा, आणि पाणी जितकं वाईट तितका तो आणखी खाली जायचा. त्याचा इंजिनवाला बाबू सांगायचा, "तांडेल वरडला तर घाबरू नका. तांडेल कुजबुजला तर देव आठवा."

पावसाचा जोर ओसरून नारळी पौर्णिमा झाली की तो आठ दिवस एकटा होडी घेऊन खाडीत जायचा. लांब बांबू तळाशी टेकवायचा, वर ओढून त्याच्या टोकाला लागलेला गाळ हुंगायचा, पुढे सरकायचा. पावसाळ्यात तळाची वाळू जागा बदलते. मागच्या वर्षी जिथून लाँच गेली तिथे या वर्षी दांडा, म्हणजे वाळूचा उंचवटा तयार झालेला असतो. तो कुठे बसलाय हे आठ दिवसांत याला पाठ व्हायचं. धाकटी कंपनी हे आठ दिवस कामाचे धरायची. आम्ही ते बंद केले, कारण त्या दिवसांत लाँच चालत नव्हत्या आणि वहीत दाखवायला काही काम नव्हतं. तो तरीही गेला.

आता वेळापत्रकाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

धाकटीच्या शेडवर एक फळा असायचा. त्यावर रोज सकाळी तिथी लिहायची आणि खाली लाँच सुटायच्या वेळा. खाडीकाठच्या बायकापोरांनाही हिशोब तोंडपाठ होता: तिथीची पाऊणपट करायची, आली भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. भरतीच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. लाँच भरतीच्या पाण्यावर चालायच्या, त्यामुळे सुटायची वेळ रोज सरकायची. मुंबईच्या कचेरीत मी हे सांगितलं तेव्हा साहेब खो खो हसले. पंचांग बघून चालणारी कंपनी आपण घेतली म्हणाले. हसणाऱ्यांत मीही होतो. मग मी वेळापत्रक केलं: सकाळी सात, अकरा आणि दुपारी चार, वर्षभर, रोज. ते छापून आलं तेव्हा मी त्याची एक प्रत घरी बायकोला दाखवायला नेली होती.

धर्माला वेळापत्रक वाचून दाखवलं. त्यानं कागदाकडे बराच वेळ बघितलं.

"चांगला लिवलाय," तो म्हणाला. "मी खाडीला इचारतो."

पहिलं वर्ष झकास गेलं. सातची लाँच सातला सुटायची. मुंबईला शाबासकीची पत्रं निघाली, एक मला आलं. अशी विकत घेतलेली कंपनी पहिल्या वर्षी छानच चालते, हे मला आज कळतं. जुनी माणसं जागेवर असतात आणि जुन्या सवयीनं काम ओढत असतात. तेव्हा मला वाटलं, हे माझ्या वेळापत्रकाचं यश.

एकच खोट होती. धर्माची लाँच, 'सुंदरा', वाटेत बंद पडायची. रोज नाही, महिन्यातले काही दिवस. बाबू नोंदवहीत लिहायचा: 'इंजिन तापले. नांगर टाकला. दुरुस्त करून निघालो.' कधी पाऊण तास, कधी दोन तास. बाकीच्या दोन लाँच रोह्याकडल्या वरच्या टप्प्यात होत्या, त्या कधी बंद पडत नव्हत्या. मुंबईहून विचारणा आली. मी धर्माला विचारलं.

"गरम होतं," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मुंबईहून फिटर आला. त्यानं दोन दिवस इंजिन उघडलं, पुसलं, बसवलं, आणि तेलकट हात पुसत मला म्हणाला, "इंजिन ठणठणीत आहे. चालवणारा तपासा."

मी काय तपासलं? नोंदवही तपासली. एक दिवस सकाळी उठून सातच्या लाँचमध्ये बसलो असतो तर सगळं समजलं असतं. पण मला सकाळी अंघोळ, संध्या, चहा लागायचा आणि कचेरी नऊला उघडायची. मी टेबलाशी बसून अहवाल लिहिला. 'सदर तांडेलास इंजिनाची निगा ठेवता येत नाही. कारण विचारता समाधानकारक उत्तर देत नाही. धक्क्यावरील कामास योग्य.'

हुकूम दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाशी आला. मी तो वाचून दाखवला तेव्हा धर्मा पहिल्यांदाच शेडमधल्या बाकड्यावर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"सुकानू कोनाला देनार?" त्यानं विचारलं.

"मुंबईहून विष्णू म्हणून तांडेल येतोय. परीक्षा पास आहे."

"पोर चांगला हाय काय?"

"चांगला आहे."

"त्याला माज्याकडं धाडा. मी दांडा दावतो."

मी विष्णूला सांगितलंही. पण विष्णू तिशीतला, बंदरात मोठ्या बोटींमधून लाँच काढलेला. धक्क्यावर दोर गुंडाळणाऱ्या म्हाताऱ्याकडे शिकायला जाणं त्याला कमीपणाचं वाटलं. धर्मा मात्र रोज पहाटे 'सुंदरा' धुवायचा. ते त्याचं काम नव्हतं. धुऊन झालं की सुकाणूची चक्री कोरड्या फडक्यानं पुसायचा आणि विष्णू येताना दिसला की उतरून दोरापाशी उभा राहायचा. मी हे खिडकीतून बघायचो. वाईट वाटायचं, पण नियम म्हणजे नियम, असं स्वतःला समजावून मी खिडकीपासून दूर व्हायचो.

तो दिवस दिवाळीनंतरचा. वद्य तृतीया. तिथी मला नंतर कळली. मला रोह्याला काम होतं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी सातच्या लाँचवर चढलो. रोह्याला लग्न होतं. बायका, मुलं, ट्रंका, पितळी भांडी, पन्नासेक माणूस भरलेलं; लाँच रोजच्यापेक्षा वीतभर खोल बसली होती. घंटा झाली. दोर सोडायला धर्मा पुढे आला आणि दोर हातात धरून थांबला.

"विष्णू, आज तीज. सव्वाआठला ओहोटीचा तल लागंल. दांड्यावर पानी न्हाय. दोन घंटे थांब."

विष्णूनं माझ्याकडे बघितलं. सगळ्या लाँचनं माझ्याकडे बघितलं. धर्मानंही. मी खिशातलं घड्याळ काढलं. सात वाजून एक मिनिट झालं होतं.

"सोडा," मी म्हणालो.

धर्मानं दोर सोडला.

अर्ध्या तासानं खालून खर्रकन आवाज आला. भांडी घरंगळली, बायका किंचाळल्या आणि 'सुंदरा' थांबली. विष्णूनं इंजिन उलटं फिरवलं, तळातून नुसता गाळ वर आला. पाणी अजून उतरत होतं. बघता बघता लाँच एका कुशीवर कलायला लागली. कल होता समुद्राच्या बाजूला, म्हणजे भरतीचं पाणी जिकडून येणार तिकडेच. उतरून चालत जावं तर दांड्याच्या दोन्ही अंगांना कमरेइतका गाळ. एक तरुण उतरला, तो मांडीपर्यंत रुतला आणि त्याला चौघांनी ओढून काढला.

बाबू इंजिनाच्या खोलीतून वर आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्याशेजारी कठडा धरून उभा राहिला आणि हळूच म्हणाला,

"सायब, तीज-चौथीचा पानी लय जोरात चढतो. अशी आडवी असली तर उठायच्या आदी भरंल."

"मग करायचं काय?"

त्यानं मागे, खालच्या अंगाला असलेल्या एका खोल डोहाकडे बोट दाखवलं. "तांडेल तिथं नांगर टाकायचा. तास-दीड तास. दांड्यावर पानी आला की निघायचा. इंजिन कवाच बंद नव्हता पडला."

"आणि वहीत लिहिलं ते?"

"तांडेलानं लिवायला लावला. बोलला, नव्या सायबाचा कागद खोटा पडंल, मुंबईला त्याची लाज जाईल. आपल्या इंजिनाला कोन फाशी देतंय? उतारूंना समद्यांना ठाव व्हता."

लग्नाच्या बायकांपैकी एकीनं मान हलवली. सगळ्या खाडीला माहीत होतं. मला माहीत नव्हतं. पाणी उतरत होतं आणि मी तिथे उभा होतो. लाज आणि भीती यांतली आधी कोणती वाटली ते सांगता यायचं नाही.

सव्वाआठच्या सुमारास दोन होड्या दिसल्या. धर्मा आमच्यामागोमागच निघाला असणार, नाहीतर ओहोटीविरुद्ध इतक्या लवकर पोचलाच नसता. तो आला तो आधी लाँचभोवती फिरला. मग बोलायला लागला, आणि त्याचा आवाज इतका खाली होता की पन्नास माणसं ऐकायला गप्प झाली.

"चणेरावाल्या, रोहावाल्या, समद्या बाया पोरांना घेऊन होडीत. ट्रंका समद्या वरच्या अंगाला. बाप्ये वरच्या कठड्यावर बसा, पाय भायेर सोडून. बाबू, खालच्या खिडक्यांना ताडपत्री. खिले ठोक, बांधू नको."

मग त्यानं मोठा नांगर होडीत घेतला, वरच्या बाजूच्या खोल पाण्यात नेऊन टाकला आणि त्याचा दोर आमच्या हातात दिला. पहिल्या होड्या काठाला माणसं सोडून परत येईपर्यंत भरती लागली. ती दिसण्याआधी ऐकू आली. गाळाला बारीक सळसळ सुटली आणि पाणी दांड्यावर धावत आलं. धर्मा लाँचच्या खालच्या अंगाला, कमरेएवढ्या पाण्यात, फळ्यांवर तळहात टेकून उभा होता. पाणी छातीला लागलं. ताडपत्रीच्या फटीतून आत धार लागली. विष्णू ओरडला, "ओढू का?"

"नको."

पाणी त्याच्या गळ्याला आलं. मी दोर धरून होतो, तळहात सोलले होते. मला वाटत होतं हा माणूस आता लाँचखाली जाणार, आणि तो माझ्या एका शब्दापायी.

"वढा," तो म्हणाला. म्हणजे तसे ओठ हलले.

आम्ही ओढलं. 'सुंदरा' करकरली, थरथरली, आणि हळूहळू उभी राहिली. बाप्ये कठड्यावरून आत पडले, कोणी रडायला लागलं, कोणी हसायला. धर्माला वर घेतलं. विष्णू सुकाणू सोडून बाजूला झाला आणि हात जोडून म्हणाला, "तांडेल, तुम्ही घ्या."

धर्मानं सुकाणूकडे पाहिलं. त्याचा हात पुढे आला होता, हे मी शपथेवर सांगतो. मग त्यानं तो मागे घेतला.

"हुकूम न्हाय," तो म्हणाला. "तू धर. मी सांगतो."

चौकशीला मुंबईहून साहेब आले. टिपण मी लिहीत होतो. साहेबांना एक दोषी हवा होता आणि तो विष्णू असावा असं त्यांनी येतानाच ठरवलेलं होतं. धर्माला समोर उभा करून ते म्हणाले, "तांडेल, तू थांब म्हणालास तरी त्यानं लाँच काढली, एवढं सांग. सुकाणू उद्यापासून तुझं."

सुकाणू त्याला किती हवं होतं ते मला ठाऊक होतं; रोज सकाळी खिडकीतून बघत होतो ना मी! लाँच सोडायला कोणी सांगितलं तेही तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. माझी लेखणी कागदावर टेकलेली होती. धर्मानं माझ्याकडे बघितलं नाही.

"सात वाजले व्हते सायब," तो म्हणाला. "सातला सोडायची असा कंपनीचा कागद हाय. पोरानं सोडली. त्याचा काय चुकला?"

त्या कागदावर साहेबांची सही होती. त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मला विचारलं, "तुम्हांला काही सांगायचंय?"

आता बोलायचं होतं. लाँच मी सोडायला लावली, इंजिन कधीच बंद पडलं नव्हतं, माझा अहवाल चुकीचा आहे. इतकी तीन वाक्यं. माझ्या डोळ्यांपुढे दादरची खोली आली, बढती आली, आणि मी म्हणालो, "नाही साहेब."

विष्णू वाचला. मी वाचलो. धर्मा धक्क्यावर राहिला. वर्षाच्या आत मला बढती मिळून मुंबईला बोलावलं.

त्यानंतर काय झालं ते मी कचेरीत बसून कागदांवर वाचत होतो. वेळापत्रक थोडं बदललं, मग पुन्हा बदललं. भरवसा उडालेले उतारू एसटीनं जायला लागले. दोन लाँच मुंबईला आणल्या. सहा-सात वर्षांत रेवदंड्याचा मार्ग तोट्यात म्हणून बंद करायचं ठरलं. साहेब म्हणाले, ती कंपनी घेतली हीच चूक झाली. मार्ग बंद करायला कोणीतरी जायला हवं होतं. ते काम मी मागून घेतलं.

शेवटची फेरी भर दुपारच्या भरतीला होती. आता हुकूम माझा होता. गेल्या गेल्या धर्माच्या घरी माणूस पाठवला. तो आला, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून, पार वाळलेला. सगळ्यांसमोर मी सांगितलं की तो अहवाल खोटा होता आणि लाँच मी सोडायला लावली होती. तो ऐकून घेत होता, मान खाली घालून.

"जाऊ दे सायब. मानूस बुडला न्हाय ना!"

"तांडेल, आजची फेरी तुमची. सुकाणू घ्या."

तो चढला. विष्णू बाजूला झाला. धर्मानं चक्रीवर दोन्ही हात ठेवले, बोटं एकेका आऱ्यावरून फिरवली, आणि पाठ ताठ केली. बाबूनं इंजिन चालू केलं. सगळे वाट बघत होते. धर्मा समोर बघत होता. मग तो विष्णूला हलक्या आवाजात म्हणाला,

"विष्णू, पल्याडचा वड कुठं रं?"

वड समोर होता. नाकासमोर, उन्हात, अख्खा.

कोणी काही बोललं नाही. विष्णूनं तोंड फिरवलं. धर्मानं काय ते ओळखलं, चक्रीवरचे हात काढले आणि नातवाला हाक मारली. मी त्याचा दंड धरून त्याला धक्क्यावर उतरवलं.

लाँच सुटली. मी मागच्या कठड्याशी उभा होतो. आम्ही वळण घेऊन खाडीत वर निघालो होतो, आणि धर्मा धक्क्याच्या टोकाला उभा राहून समुद्राच्या बाजूला हात हलवत होता. नातवानं त्याचे खांदे धरून त्याला आमच्याकडे वळवलं, तोवर आम्ही पुष्कळ लांब गेलो होतो.